कोकलत होतं म्हणून

"अजून किती गं?" अण्णांनी दारातून विचारलं.

"चाललंय," मी म्हटलं.

"चाललंय ते दिसतंय की. ऱ्हायलंय किती ते विचारतोय."

संगणकाच्या पडद्यावर एक आडवी पट्टी होती आणि तिच्यातला निळा रंग अजून पाव वाटेवरही पोचला नव्हता. मी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. करण्यासारखं काही नव्हतं आणि उठून जायची सोय नव्हती. पट्टीखाली इंग्रजीत सूचना होती की काम पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नये, मध्येच सोडू नये. सकाळपासून ती सूचना मी इतक्यांदा वाचली होती की ती मशीनबद्दल नसून माझ्याबद्दल आहे असं वाटायला लागलं होतं.

"संध्याकाळ होईल," मी म्हटलं.

"होऊ दे. सावकाश कर," अण्णा म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले.

ही गोष्ट दोन हजार आठच्या उन्हाळ्यातली. आमचं गाव जयसिंगपूरच्या पुढे, कृष्णेच्या काठावर. ऊस, म्हशी आणि बस्ती, म्हणजे जैन मंदिर, एवढ्यात गाव संपतं. अण्णा गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. संस्थेच्या खोलीचा पत्रा बदलायला काढला होता, म्हणून संस्थेचा संगणक आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, येऊन बसला होता. त्याच्यासमोर मी. आधीचा ऑपरेटर नोकरी सोडून गेला तेव्हा "दुसरा मिळेस्तोवर बस" असं अण्णा म्हणाले होते. दुसरा कुणी शोधलाच नाही. घरातली पोरगी संगणक शिकलेली, फुकटात आणि हाताशी; शोधायचा कशाला?

दर दहा दिवसांनी दुधाची बिलं निघायची. कुणाची म्हैस किती दूध देते आणि त्याला फॅट किती लागते, सगळं त्या मशीनमध्ये. पण त्यातली जुनी सिस्टीम म्हातारी झाली होती. बिलं काढताना मध्येच निळी पडायची आणि मग मी पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटी ठरलं की जुनी सिस्टीम काढून नवी घालायची. ते काम माझ्याकडे आलं, आणि त्याबरोबर अण्णांचा शब्दही आला: "एवढं नवं बसवून दे, मग जा तू पुण्याला."

पुण्याच्या एका कंपनीचं पत्र माझ्या पेटीत होतं. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. त्यांनी आधी एकदा बोलावलं होतं, तेव्हा दिवाळीला सभासदांना वाटायच्या वाढीव पैशांची फरक बिलं आडवी आली. नंतरची तारीख ऑडिटने खाल्ली. या वेळी तिथल्या बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं की आता तारीख बदलून मिळणार नाही. तेव्हा अण्णांच्या शब्दावर माझा विश्वास होता असं म्हणणं धाडसाचं होईल. पण दुसरं होतं काय माझ्याकडे?

सकाळी मी काम सुरू केलं तेव्हा आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारलं, "हे नेमकं काय करायलीस?"

"हार्ड डिस्क म्हणजे एक मोठी खोली समज," मी म्हटलं. "जुनी सिस्टीम तिच्यात पाय पसरून बसलीय. तिला एका बाजूला सरकवायचं, मध्ये भिंत घालायची. भिंतीपलीकडे संस्थेचं सामान नेऊन ठेवायचं. मग इकडची बाजू धुऊन पुसून नवी सिस्टीम."

"आणि भिंत घालताना लाईट गेली तर?"

"तर सामान धड इकडे नाही, धड तिकडे नाही. सगळं गेलंच समज."

आईचा हात सुपात थांबला. "मग लोकांची बिलं कशी निघायची?"

"त्याची कॉपी काढून ठेवलीय." मी टेबलावरच्या दोन सीडी दाखवल्या. "यात सगळं आहे. ह्या असल्या की काळजी नाही."

"ह्यावरनं परत कुणालाबी करता येतंय? का तूच लागतीस?"

"कुणालाही येईल, आई. सांगलीतला कुठलाही माणूस तासाभरात करून देईल."

"असं होय," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली. थोड्या वेळाने टेबलाखालच्या काळ्या यूपीएसकडे बोट करून तिने विचारलं, "मग हा कोकलणारा डबा कशाला हाय?"

लाईट गेली की तो यूपीएस पीप-पीप करून घर डोक्यावर घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं मशीन चालू ठेवायचा. मी तिला तसं सांगितलं. त्या दिवसाचं भारनियमन सकाळीच उरकलं होतं, म्हणून डब्याची गरजच पडणार नाही असंही सांगितलं. "फक्त त्याच्या बटणाला हात लावू नको," मी म्हटलं. तिने मान हलवली.

दुपार कलल्यावर आदगोंडाकाका आले. अण्णांचे चुलतभाऊ आणि संस्थेचे चेअरमन. हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

"बस बस, उठू नको," ते मला म्हणाले, जणू मला उठता येत होतं. बॉक्स त्यांनी टेबलावर ठेवला. "तोंड गोड कर. काल बोर्डात ठराव झाला. कुमारी त्रिशला भूपाल मगदूम, कायम ऑपरेटर. गावात सगळ्यास्नी माहीत झालंय, तुलाच तेवढं सांगायचं ऱ्हायलं होतं."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पंख्याकडे बघत होते.

"काका, मला सोमवारी पुण्याला हजर व्हायचंय."

"पुण्याला जाऊन तरी काय करणार? हीच बटणं दाबायची न्हवं? हितं घरची भाकरी खाऊन दाब."

"अण्णा, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता की," अण्णा म्हणाले. "पण तूच इचार कर. नवं बसवल्यावर ते चालवणार कोण? तुझ्याबिगर कुणाला येतंय गावात?"

हे ते चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. पण त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. माझी पोरगी, तिच्याशिवाय संस्थेचं पान हलत नाही, हे त्यांना चेअरमनसमोर म्हणायला मिळालं होतं. शाळेत पहिली आले तेव्हासुद्धा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. असल्या कौतुकाशी भांडायचं कसं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. हे काम बिघडलं तर म्हणतील, हिला पुण्यात कोण उभं करणार. जमलं तर म्हणतील, हिच्याशिवाय कोण करणार. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मधल्या खुर्चीत बसून मी स्वतःच्याच हाताने विहीर खणत होते, तीही सावकाश, नीटनेटकी.

"पुण्याला फोन करून कळवून टाक," काका म्हणाले. "आत्ताच कर, मी हाय तोवर. एकदा कळवलं म्हंजे तुझ्याबी डोक्यातनं जाईल."

"हे झाल्यावर करते. मध्येच उठता येत नाही."

"मग हितं आणून देतो की फोन. वायर पुरतीय." काका खरोखरच उठले आणि खिडकीतला फोन उचलून त्यांनी पेढ्यांशेजारी आणून ठेवला. "चहा झाला की लाव."

पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली होती. सकाळपासून मी ती लवकर सरकावी म्हणून देवाला विनवत होते. आता ती तिथेच थांबावी असं वाटायला लागलं. काका समोर ऐसपैस मांडी घालून बसले, अण्णा दाराच्या चौकटीला टेकले. पलीकडे ओसरी, ओसरीपलीकडे रस्ता, आणि रस्त्याने साडेचारची एसटी जाताना ऐकू आली.

आई चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं असणार. स्वयंपाकघर आणि सोपा यांच्यात फक्त एक पडदा होता. कप ठेवताना तिने संगणकावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"निम्मं झालं?"

"झालं."

"जेवूनच जावा, भावजी," ती काकांना म्हणाली. "सूर्य मावळायच्या आत वाढतो." आमच्याकडच्या बायका 'वाढतो', 'येतो' असंच म्हणतात, आणि बस्तीला जाणाऱ्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही. काका हो म्हणाले. आई आत गेली.

मी चहा संपवला. काकांनी फोनचा रिसीव्हर उचलून माझ्या हातात दिला. पुण्याचा नंबर मला पाठ होता. मी पहिले तीन आकडे दाबले आणि पंखा थांबला.

टेबलाखालून पीप-पीप सुरू झालं.

"अगंबाई," आतून आईचा आवाज आला, "शेगडी लावली आणि समदं ठप्प झालं बगा."

"कुठली शेगडी?" अण्णा ओरडले. "विजेची? ती कशाला लावलीस?"

"जेवाय माणूस वाढलं न्हवं. गॅसवर किती करू?"

फ्यूज उडाला होता. मी रिसीव्हर ठेवून उठले, कारण आमच्या घरात फ्यूजची तार बदलणंही माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. डबा पंधरा मिनिटं तग धरणार होता आणि तार बदलायला मला पाच पुरायची. मी ओसरीवर मीटरखाली स्टूल ओढलं. काकांनी स्टूल धरलं, अण्णा तारेचं रीळ घेऊन उभे राहिले. आत डबा कोकलत होता.

मी जुनी तार काढली. नवी गुंडाळली, पेच आवळला. आणि आतलं कोकलणं थांबलं.

"आली काय लाईट?" काकांनी विचारलं.

फ्यूज अजून माझ्या हातात होता.

मी स्टूलवरून उडी मारून आत धावले. टेबलाखाली आई उकिडवी बसली होती, एक हात जमिनीवर, दुसऱ्या हाताचं बोट यूपीएसच्या बटणावर. वर पडदा काळा ठिक्कर.

"कोकलत होतं म्हणून बंद केलं," ती म्हणाली. "डोकं उठलं माझं."

"आई!" मी किंचाळले. "सकाळी सांगितलं होतं ना हात लावू नको म्हणून? तुला काय कळतं गं यातलं?"

"मला काय कळतंय," आई म्हणाली. हे ती माझ्याकडे बघून नाही, दारात आलेल्या काकांकडे बघून म्हणाली.

फ्यूज बसवून मी मशीन पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली, की सिस्टीम सापडत नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच ओळ. मी अण्णांना म्हटलं, "घाबरू नका. कॉपी आहे माझ्याकडे." आणि टेबलाकडे वळले.

टेबलावर सीडी नव्हत्या. मी ड्रॉवर उपसला, टेबल सरकवलं, खुर्चीवरची चादर झटकली.

"इथंच ठेवल्या होत्या."

"इथं पेढं हायत," काका म्हणाले.

मग त्यांचा पारा चढला. आधी ते आईवर घसरले, पण आई खाली मान घालून उभी होती, आणि तिच्यावर किती ओरडणार? बाईमाणूस, आवाज सहन झाला नाही, बटण दाबलं. म्हणून ते माझ्याकडे वळले. "परवा बिल द्यायचंय. लोकं माझ्या दारात येऊन बसत्याली. साधी कॉपी सांभाळता येत न्हाई आणि हिला कायम कराय निघालो होतो आम्ही." अण्णांना म्हणाले, "दादा, राग मानू नका. सांगलीच्या माणसाला उद्या बोलावतो. इथनं पुढं तोच बघू दे. ठराव ऱ्हाऊ दे माझ्या खिशात."

ते जेवायला थांबले नाहीत. जाताना पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेले.

सूर्य मावळला तेव्हा घरात कुणीच जेवलं नव्हतं, म्हणजे आता उद्याच. आईने केलेला स्वयंपाक म्हशीपुढे गेला. अण्णा दिवा न लावता सोप्यात बसून होते.

"अण्णा," मी म्हटलं, "सीडी सापडल्या तर मी..."

"जा तू पुण्याला," ते म्हणाले. "हितं काय ठेवलंय तुझं? गावभर सांगत होतो, माझी पोरगी, माझी पोरगी." मी जायला मोकळी झाले होते आणि मला त्यात काडीचा आनंद नव्हता. आईशी मी त्या रात्री एक अक्षर बोलले नाही.

सकाळी सांगलीचा माणूस यायच्या आधी आई बस्तीतून आली आणि टेबलावर एक छोटं लाल गाठोडं ठेवून म्हणाली, "कपाटाखाली सापडल्या."

गाठ सोडली तर आत माझ्या दोन्ही सीडी. वर ना धूळ, ना ओरखडा. ते लाल कापड मी ओळखलं. देव्हाऱ्यातला ग्रंथ आई ज्या वेष्टनात बांधून ठेवते, त्यातलं ते एक. ज्याला उंदीर लागू नये, ज्यावर कुणाचा हात पडू नये, तेवढंच आमच्या घरात त्या कापडात बांधतात. कपाटाखाली पडलेली वस्तू अशी बांधून निघत नाही. मग मला विजेची शेगडी आठवली. ती दसऱ्यापासून माळ्यावर होती. चहा ठेवून आत गेलेल्या आईला ती पाच मिनिटांत शिडी लावून काढता आली नसती. ती आधीच खाली येऊन बसली होती. ठरावाची बातमी गावात आदल्या दिवशीच फुटली होती, आणि आई सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालायला जायची.

अण्णांनी कापडाकडे पाहिलंच नाही. त्यांना फक्त सीडी दिसल्या. "ह्या त्याच काय?"

"त्याच."

"मग..." ते माझ्याकडे बघायला लागले. कालची ती चमक त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पेटायला लागली होती. "मग तुला करता येईल न्हवं? सांगलीच्याला फोन करून येऊ नको म्हणू? आदगोंडाला मी सांगतो, पोरीनं केलं म्हणून."

तासाभराचं काम होतं. "करते, अण्णा" हे शब्द माझ्या जिभेवर येऊन बसले होते. त्यांचा चेहरा बघून कुणाच्याही आले असते. आई त्यांच्या मागे उभी होती. पदराने हात पुसत होती, पुसतच होती. हात कोरडे होते.

"नाही जमायचं मला," मी म्हटलं. "त्यालाच करू द्या."

अण्णांचा चेहरा विझला. सीडी उचलून ते ओसरीवर गेले. मला त्या क्षणी त्यांच्यामागे धावत जावंसं वाटलं, आणि मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिले.

सांगलीच्या माणसाने दुपारपर्यंत नवी सिस्टीम बसवली. बिलं वेळेवर निघाली. एकाही घराचे दुधाचे पैसे बुडाले नाहीत.

रविवारी पहाटे आई मला थांब्यावर सोडायला आली. अण्णा आले नाहीत. गाडीची वाट बघताना मी विचारलं, "आई, शेगडी माळ्यावरून कधी काढलीस?"

ती रस्त्याकडे बघत होती. "कोकलत होतं गं ते," ती म्हणाली. "गाडी आली बघ. पिशवी सांभाळ, चटणी सांडेल."

पुढे कित्येक वर्षं आमच्या भावकीत एकही लग्न त्या गोष्टीशिवाय पार पडलं नाही. बँड सुरू झाला की काका पंगतीतून ओरडायचे, "वहिनी, कोकलतंय बघा, बंद करा की!" सगळी पंगत हसायची. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची. अण्णा माझ्याशी वर्षभराने बोलायला लागले, पण आईला त्यांनी शेवटपर्यंत टीव्हीच्या रिमोटला हात लावू दिला नाही. "तू ऱ्हाऊ दे, काहीतरी बंद करशील." उचललेला रिमोट ती परत त्यांच्या हातात द्यायची. अण्णा गेले ते तिला काही कळत नाही हे पक्कं ठाऊक असल्यासारखे गेले. मी तिला पुन्हा विचारलं नाही.

आता ती माझ्याकडे पुण्यात असते. मागच्या महिन्यात दुपारी लाईट गेली आणि घरातला यूपीएस कोकलायला लागला. मी आतल्या खोलीत फोनवर होते, उघड्या दारातून बाहेरचं दिसत होतं. आवाजाला कंटाळून माझा नवरा त्याचं बटण दाबायला वाकला. आई पलंगावर डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपलीय.

"थांबा," ती म्हणाली. "आधी तिचं काय चाललंय ते विचारा, मग हात लावा. मध्येच बंद केलं तर सगळं जातंय."

मी फोन कानाला तसाच धरून दारात आले. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.